नोकरी गेली, सवय राहिली

रिकाम्या खोलीच्या मधोमध मांसाचं भांडं ठेवलेलं आहे. आठ आठवड्यांचं पिल्लू वासावर धावत जातं, तोंड घालतं आणि शेजारी बसलेल्या माणसाची चापट खातं. पुन्हा तोंड, पुन्हा चापट. मग माणूस उठून बाहेर जातो. आता खोलीत पिल्लू आहे, मांस आहे आणि रागवायला कुणी नाही. पिल्लू काय करेल?

हा प्रयोग अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावच्या जॅक्सन लॅबोरेटरीत झाला. डॅनियल फ्रीडमन यांनी तो १९५८ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. पिल्लं चार जातींची होती: बसेंजी, बीगल, शेटलंड शीपडॉग आणि वायर-हेअर्ड फॉक्स टेरियर. फ्रीडमनना पाहायचा होता तो संगोपनाचा परिणाम. म्हणून प्रत्येक वेतातली निम्मी पिल्लं तिसऱ्या आठवड्यापासून लाडात वाढवली गेली. त्यांच्याशी खेळायचं, त्यांना हवं ते करू द्यायचं, शिक्षा करायची नाही. उरलेल्या निम्म्यांना त्याच काळात शिस्त लावली. बस म्हटलं की बसायचं, ये म्हटलं की यायचं. मग एकेकाला त्या भांड्यासमोर सोडलं.

माणसाची पाठ वळताच बसेंजींनी खाल्लं. लाडातल्यांनीही आणि शिस्तीतल्यांनीही. शेटलंड शीपडॉगच्या पिल्लांनी भांड्याला तोंडच लावलं नाही, आणि तेही दोन्ही गटांतल्यांनी. संगोपनाने फरक पडला तो फक्त बीगल आणि टेरियरमध्ये, आणि तोसुद्धा उलटा. शिस्तीत वाढलेली लवकर खायला लागली; लाडावलेलीच जास्त वेळ मनाई पाळत राहिली. लाडाने पोरं बिघडतात यावर ज्या घरांचा ठाम विश्वास आहे, त्यांना हे पचायला जरा जड जाईल.

मला या प्रयोगात थक्क करणारी गोष्ट दिसते ती अशी. स्वभाव जन्मजात असतो की संस्कारांनी घडतो, हा वाद आपण एकच उत्तर असल्यासारखा घालतो. इथे चार जातींची पिल्लं सांगत होती की त्या प्रश्नाचं उत्तरच जातीगणिक बदलतं. संस्कार किती लागू पडावेत, हेही काही अंशी रक्तातून आलेलं असतं.

बार हार्बरच्या या प्रकल्पाचे कर्तेधर्ते जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर. वरच्या चार जातींत अमेरिकन कॉकर स्पॅनियलची भर घालून त्यांनी या पाच जाती वर्षानुवर्षं सारख्या जागेत, सारख्या अन्नावर, सारख्या वेळापत्रकाने वाढवल्या. १९६५ साली त्यांचा जाडजूड ग्रंथ आला आणि श्वानस्वभावाबद्दल बोलणारा प्रत्येक जण आजही त्याच्याकडे वळतो. त्यातले बारकावे वाचताना हसू येतं. पहिल्यांदा पट्टा बांधून चालवलं तर बसेंजीची पिल्लं पट्ट्याशीच झुंजत. शीपडॉगची पिल्लं चालवणाऱ्याच्या पायात घोटाळत. बीगल ओरडून ओरडून निषेध नोंदवत. फॉक्स टेरियरची भावंडं एकमेकांवर अशी तुटून पडत की त्यांना वेगळं काढावं लागे. एका कॉकरने तर दहा मिनिटांत ९०७ वेळा भुंकून दाखवलं. ते मोजत बसणाऱ्या माणसाच्या सहनशक्तीचीही कुठेतरी नोंद व्हायला हवी होती. काँगोच्या खोऱ्यातून आलेला बसेंजी मात्र अशा प्रसंगी बहुधा गप्प.

मग त्यांनी बसेंजी आणि कॉकरचा संकर केला, दोन्ही बाजूंनी. कधी आई बसेंजी, कधी आई कॉकर. पाच आठवड्यांची बसेंजी पिल्लं माणसाने हात लावला की घाबरतात, अंग चोरतात, चावायला बघतात. कॉकरची निवांत असतात. संकरित पिल्लं बसेंजीसारखी बुजरी निघाली, मग आई कोणत्याही जातीची असो. म्हणजे भित्र्या आईकडे पाहून ती भित्री झाली, असं म्हणायला जागा उरली नाही. भुंकण्यात मात्र तीच पिल्लं कॉकरवर गेली. एकाच पिल्लाच्या अंगात हा गुण इकडून आणि तो तिकडून. जातीचा स्वभाव हा एकसंध गोळा नसतो. सुट्या धाग्यांची ती वीण असते आणि ती उसवते.

आणि बसेंजी भुंकू शकत नाही असंही नाही. पुरेसं चिथावलं तर तोही एखाद-दुसरी भुंक देतो. फरक असतो तो किती चिथावणीने, याचा. दोन कुकरांत पाणी तेवढंच, पण एकाची शिट्टी मंद आचेवर होते आणि दुसरा आच मोठी केल्याशिवाय ब्र काढत नाही, तसं. कुत्र्यांच्या जातींमधला बराचसा फरक अशाच प्रकारचा आहे. प्रत्येक कुत्र्याकडे भुंकणं, पाठलाग, राखण, भीती, खेळ हे सगळं असतंच. कशाला किती आच लागते, ते ठरलेलं असतं.

ही आच माणसाने कशी बदलली, ते मेंढ्यांमागच्या कुत्र्यांत सगळ्यात स्पष्ट दिसतं.

लांडग्याची शिकार ही एक साखळी असते. सावज दिसतं, नजर खिळते, दबा धरून पुढे सरकणं, मग पाठलाग, मग पकड, मग जीव घेणारा चावा, मग फाडून खाणं. मॅसॅच्युसेट्समधल्या हॅम्पशायर कॉलेजचे रेमंड कॉपिंजर यांनी मांडलं की आपल्या कामाच्या कुत्र्यांच्या जाती म्हणजे या साखळीच्याच वेगवेगळ्या कापाकापी आहेत. पॉइंटर सावज दिसलं की थिजतो, एक पाय उचलून, नाक रोखून. साखळी तिथेच अडकवलेली. रिट्रीव्हर पडलेलं बदक तोंडात पकडतो पण पुढचा चावा विसरतो, त्यामुळे पीसही न विस्कटता ते मालकाच्या हातात येतं. टेरियरमध्ये शेवटच्या कड्या शाबूत आहेत, कारण त्याला उंदीर-घुशी मारायलाच ठेवलेलं होतं.

बॉर्डर कॉलीमध्ये नजर, दबा आणि पाठलाग या तीन कड्या फुगवून अजस्र केल्या आहेत आणि पकडीची कडी दाबून टाकली आहे. हा कुत्रा मेंढीला चावत नाही, सहसा भुंकतही नाही. डोकं खाली, खांदे वर, पोट जमिनीला टेकेल असा तो सरकतो आणि नुसतं बघतो. मेंढ्या त्या नजरेपुढून हलतात. मेंढपाळाची एक हाक आली की डावीकडून वळसा, दुसरी आली की उजवीकडून. म्हणजे तो करतो आहे ती शिकारच, फक्त शेवटचा अंक कधीच होत नाही. आणि यातलं अजब असं की मटणाचा घास नाही, शाबासकी नाही, तरी त्याला ते हवं असतं. दबा धरणं हेच त्याचं बक्षीस. मेंढ्या नसतील तर तो सायकली वळतो, मुलं वळतो, भिंतीवरच्या सावल्या वळतो.

आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींचा वंश मागे गेलं तर एकाच कुत्र्यापाशी पोचतो. १८९३ साली इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प. त्याच्या आईबापांची गोष्ट मेंढपाळ अजून सांगतात. बाप रॉय गोड स्वभावाचा, पण कामात यथातथा आणि नजरेत जोर नाही. आई मेग लाजाळू, अबोल आणि नजर अशी की ती खिळली की स्वतःलाच हलता येऊ नये. दोघांतलं नेमकं हवं तेवढं हेम्पमध्ये उतरलं. त्याची दोनशेहून अधिक पिल्लं झाली आणि एका कुत्र्याचा काम करण्याचा ढंग अख्ख्या जातीचा स्वभाव झाला.

त्याच मेंढ्यांजवळ दुसरा एक कुत्रा लोळत असतो. इटलीचा मारेम्मा, तुर्कस्तानचा अनातोलियन, बाल्कनमधला शारप्लानिनात्स. ही राखणदार मंडळी. त्यांच्यात शिकारीची साखळी जवळपास पुसलेलीच आहे. कोकरू धावलं तरी मागे धावावंसं वाटत नाही. पिल्लूपणीच मेंढ्यांच्या वाड्यात सोडलं तर ती मेंढ्यांनाच आपलं समजू लागतात आणि लांडगा दिसला की भुंकत मध्ये उभी राहतात. दख्खनच्या माळावर धनगरांची कुत्री हेच काम करत आली आहेत. नामिबियात तर १९९४पासून शेतकऱ्यांना अनातोलियन पिल्लं दिली जातात, कारण कळपाशेजारी असा कुत्रा बसला की चित्ता तिकडे फिरकत नाही, आणि मग चित्त्याला गोळी घालायची गरजही पडत नाही. कॉलीला दिवसभर काम नसेल तर तो वेडापिसा होतो. अनातोलियनचं काम दिसायला दिवसभर काहीच न करण्याचं आहे. दोघांना ‘मेंढपाळाचा कुत्रा’ म्हणतात. कॉलीला वाड्यात मेंढ्यांबरोबर कोंडलं तर मेंढ्यांची झोप गेली म्हणून समजा.

आता अंगातल्या जोमाबद्दल. पिल्लू घेणारा हमखास विचारतो, ‘हा किती अ‍ॅक्टिव्ह आहे?’ जणू जोम म्हणजे पेट्रोलची टाकी, कुणाची लहान, कुणाची मोठी. ग्रेहाउंड ताशी ६५-७० किलोमीटरच्या वेगाने पळतो. पण त्याची शर्यत अर्ध्या मिनिटात संपते आणि उरलेला दिवस तो गादीवर पाय ताणून झोपतो. घरात पाळायला याहून शांत कुत्रा सापडणं कठीण. उलट अलास्काच्या इडिटारॉड शर्यतीतले बर्फगाडीचे कुत्रे सुमारे १,६०० किलोमीटर अंतर आठ-दहा दिवसांत कापतात आणि दिवसाला दहा हजार कॅलरींच्या वर खातात. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीचे मायकल डेव्हिस यांनी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या केल्या तेव्हा जे दिसलं ते कोणत्याही मॅरेथॉनपटूला हेवा वाटावं असं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत थकव्याच्या खुणा दिसतात, आणि मग कुत्रा धावत असतानाच त्या ओसरू लागतात. शरीर इंधन जाळण्याची पद्धतच बदलतं. माणसाचा थकवा दिवसागणिक साठत जातो, यांचा नाही.

या कुळातला सायबेरियन हस्की आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवलेला दिसतो. त्याच्या अंगावरच्या दुहेरी केसांची चिंता सगळे करतात, ती करायलाच हवी. पण उन्हामुळे त्याला सकाळी वीस मिनिटं आणि रात्री वीस मिनिटं फिरवलं जातं, याची चिंता फारसं कुणी करत नाही. मैलोन्‌मैल ओढत जाण्यासाठी घडलेलं शरीर सोफा फाडणार नाही तर काय करणार? त्याला ‘खोडकर’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

माणसाने जोम कसा वापरला याचा एक विसरलेला नमुना वेल्समधल्या अ‍ॅबरगेव्हनीच्या संग्रहालयात पेंढा भरून ठेवला आहे. नाव व्हिस्की. हा टर्नस्पिट जातीचा कुत्रा: लांबट धड, आखूड वाकडे पाय. ब्रिटनमधल्या मोठ्या स्वयंपाकघरांत भिंतीवर उंच एक लाकडी चाक असे. त्यात हा तासन्‌तास चालायचा आणि त्या चाकाला जोडलेल्या सळईवरचं मांस आगीवर सारखं फिरत राहायचं. यंत्रं आली, चाक गेलं आणि एकोणिसाव्या शतकात ही जातही संपली. नुसता चालणारा कुत्रा कुणाला पाळायचा नव्हता.

लॅब्राडॉरचं तसं झालं नाही. शिकारीत बदकं आणून देण्याचं त्याचं काम कमी झालं तरी तो जगभर घराघरांत पोचला, आणि त्याचं एक कारण कदाचित त्याच्या पोटात आहे. केंब्रिजच्या एलिनॉर रॅफन आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की जवळपास चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. पोट भरल्याची खबर मेंदूला देणाऱ्या यंत्रणेतलं हे जनुक. तुकडा गळाला की खबर नीट पोचत नाही. कुत्रा जेवून उठतो आणि तुमच्या ताटाकडे पाहत बसतो. पुढे २०२४मध्ये याच गटाला आढळलं की अशी कुत्री विश्रांतीत सुमारे २५ टक्के कमी ऊर्जाही जाळतात. भूक जास्त, खर्च कमी. लठ्ठ लॅब्राडॉरच्या मालकाला सगळे जण ‘किती खायला घालता’ म्हणून बोलतात, त्यांनी हे वाचावं. पण खरी गंमत पुढे आहे. अंधांना आणि अपंगांना मदत करण्यासाठी निवडलेल्या लॅब्राडॉरमध्ये हा गळालेला तुकडा ७६ टक्के कुत्र्यांत सापडला. प्रशिक्षण देतात बिस्किटाच्या तुकड्यावर. जो कायम भुकेला, तो उत्तम विद्यार्थी. आपण ज्याला समजूतदारपणा म्हणतो त्यात भुकेचाही वाटा असू शकतो.

इथवर वाचून वाटेल की जातीचं नाव कळलं की कुत्रा कळला. तसं असतं तर २०२२च्या एप्रिलमध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या शोधनिबंधाने एवढी खळबळ उडाली नसती. एलिनॉर कार्लसन यांच्या गटाने १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती गोळा केली आणि २,१५५ कुत्र्यांचे जीनोम वाचले. यात जातिवंत होते तसे मिश्र जातीचेही भरपूर. निष्कर्ष असा की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, याचा जेमतेम ९ टक्के भाग जातीने उलगडतो. माणसाचं ऐकण्याची वृत्ती जातीशी बऱ्यापैकी जोडलेली निघाली. चिडून अंगावर येण्याची वृत्ती मात्र जातीवरून जवळपास ओळखताच येत नव्हती. ‘अमुक जात म्हणजे चावरीच’ म्हणून तिच्यावर बंदी घाला, असं म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मग बार हार्बरची पिल्लं खोटी? त्याआधी २०१९ साली इव्हान मॅक्लीन आणि सहकाऱ्यांनी १०१ जातींच्या चौदा हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती तपासून जातीजातींतल्या स्वभावभेदाचा मोठा वाटा आनुवंशिक असल्याचं दाखवलं होतं, तेही चुकीचं? दोन्ही बरोबर आहेत, कारण प्रश्न वेगळे आहेत. शंभर बॉर्डर कॉलींची सरासरी आणि शंभर बसेट हाउंडची सरासरी काढली तर फरक ठळक दिसतो आणि त्याची मुळं जनुकांत सापडतात. पण त्या शंभरांतला एक उचलला तर तो सरासरीपासून कुठेही असू शकतो. आळशी कॉली असतात. भुईवर ठेवलेल्या चेंडूकडे ढुंकूनही न पाहणारे रिट्रीव्हर असतात. कार्लसन यांच्या गटाने मिश्र कुत्र्यांकडे पाहिलं तेव्हा ज्यांच्यात कॉलीचं रक्त होतं ती शिकवायला सोपी निघाली. पण लॅब्राडॉरचं रक्त असल्याने कुत्रा माणसाळू होतो, या सर्वमान्य समजुतीला काही आधार सापडला नाही.

जातींचं वय लक्षात घेतलं तर यात नवल वाटू नये. कुत्रा माणसाजवळ आला त्याला पंधरा हजारांहून अधिक वर्षं झाली. पण बंद वंशावळीची, कागदपत्रांची ‘जात’ ही कल्पना व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. १८५९ साली न्यूकॅसलला पॉइंटर आणि सेटर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब निघाला. त्याच १८७३मध्ये वेल्समधल्या बालाला मेंढ्या वळण्याची ब्रिटनमधली पहिली जाहीर स्पर्धा झाली. एका ठिकाणी रूप पाहून निवड, दुसऱ्या ठिकाणी काम पाहून. तेव्हापासूनच्या दीडशे वर्षांत बहुतेक जातींची निवड झाली ती कानांवर, रंगावर, थुतरीच्या लांबीवर.

आपल्याकडचा करवानी ऊर्फ मुधोळ हाउंड त्या वाटेने फारसा गेला नाही. बारीक कंबर, लांब तोंड, नजरेवर शिकार करणारा हा कुत्रा सोलापूर-सांगलीपासून कर्नाटकातल्या बागलकोटपर्यंत गावोगाव सशामागे पळत आला. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याला आश्रय दिला आणि एक जोडी थेट पंचम जॉर्जपर्यंत पोचवली. २००५ साली तो टपाल तिकिटावर आला. २०१६मध्ये सैन्याने मीरतच्या केंद्रात त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं. वेगासाठी तो हवाच, पण परक्याने डोक्यावरून हात फिरवलेला त्याला आवडत नाही आणि ‘बस’ म्हटल्यावर तो आधी विचार करतो. अल्सेशियनच्या तत्पर आज्ञाधारकपणाची सवय झालेल्याला तो मठ्ठ वाटू शकतो. पण सशामागे सुटलेल्या कुत्र्याने वळणावळणावर मालकाचं तोंड बघितलं असतं तर ससा कधीच मिळाला नसता. विचारून न वागणं हेच त्याच्या पूर्वजांचं कौशल्य होतं.

आणि ही घडण थांबलेली नाही. स्वीडनमध्ये कुत्र्यांची स्वभावचाचणी मोठ्या प्रमाणावर होते. केन्थ स्वार्टबर्ग यांनी ३१ जातींच्या तेरा हजारांवर कुत्र्यांचे निकाल २००६ साली मांडले आणि त्यांत जातीच्या मूळ कामाचा ठसा त्यांना फारसा दिसलाच नाही. गेल्या काही पिढ्यांत त्या जातीच्या कुत्र्यांकडून काय करून घेतलं गेलं, प्रदर्शन की काम, त्याच्याशी आजचा स्वभाव जास्त जुळत होता. प्रदर्शनाच्या रिंगणात उभं राहणाऱ्या वंशात खेळकरपणाही कमी आढळला. काही पिढ्यांत एवढा बदल होऊ शकतो, तर आपल्या शहरांतल्या लॅब्राडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरचा उद्याचा स्वभाव आज कुणीतरी ठरवतंच आहे, बहुधा नकळत. पिल्लांच्या जाहिराती चाळल्या तर त्यांत रंग असतो, हाडापेराची तारीफ असते, कागदपत्रं आणि बापाची पदकं असतात. त्या पिल्लांची आई अनोळखी माणूस दारात आला की काय करते, हे सांगणारी जाहिरात माझ्या तरी अजून पाहण्यात नाही.